पाचवा मानांकित, पण क्रमवारीत नव्वदावा: दोन्ही एकाच वेळी कसं?

समजा, नायजेरियाचा विशीतला एक टेबल टेनिसपटू लागोसच्या डब्ल्यूटीटी कंटेंडर स्पर्धेत (डब्ल्यूटीटी म्हणजे वर्ल्ड टेबल टेनिस ही व्यावसायिक मालिका, कंटेंडर हा तिचा खालच्या पायरीवरचा स्तर) पाचवा मानांकित आहे आणि जागतिक क्रमवारीत नव्वदावा. बातम्यांमध्ये या दोन आकड्यांची सर्रास सरमिसळ होते. खरं तर क्रमवारी वर्षभराच्या कामगिरीची असते, मानांकन फक्त त्या आठवड्याच्या सोडतीपुरतं, म्हणजे कोण कुणाशी खेळणार हे ठरवण्यापुरतं.

क्रमवारीत गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम आठ निकालांचे गुण धरतात. कंटेंडरच्या विजेत्याला ४०० गुण, ग्रँड स्मॅश या सर्वांत मोठ्या स्तराच्या विजेत्याला २०००. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्याला कंटेंडरमध्ये ७० मिळतात, ग्रँड स्मॅशमध्ये ३५०. आठपैकी पाचच स्पर्धा खेळल्या तर उरलेल्या तीन जागी शून्य. नायजेरियन खेळाडूंचं घोडं बहुतेकदा इथेच अडतं: युरोपचा व्हिसा वेळेत मिळत नाही, विमानाचं भाडं परवडत नाही, आणि रकाना रिकामा राहतो. शिवाय लागोसमध्ये मिळवलेले गुण वर्षभरात गळतात. पुढच्या वर्षी तिथेच पहिल्या फेरीत हरला तर थेट घसरण.

समोर कोण होतं, याला आता किंमत नाही. २०१८ पूर्वी बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरवलं की जास्त गुण मिळत. आता फक्त फेरी मोजतात. नायजेरियाचा क्वाद्री अरुणा २०१४च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला तो जुन्या पद्धतीच्या काळात. २०२२ मध्ये पहिल्या दहांत येणारा पहिला आफ्रिकी खेळाडू ठरला, तो नव्या पद्धतीत, सातत्यामुळे.

मानांकनासाठी आधार क्रमवारीचाच, पण मोजणी फक्त आलेल्या खेळाडूंची. बडे खेळाडू लागोसला आले नाहीत तर नव्वदावाही पाचवा होतो. पहिला मानांकित सामन्यांच्या तक्त्याच्या माथ्यावर, दुसरा तळाशी. तिसऱ्या-चौथ्याच्या जागा चिठ्ठीने ठरतात, पाच ते आठच्याही. म्हणून पाचवा आणि आठवा यांत फरक जवळपास नाही. चौथा आणि पाचवा यांत मात्र मोठा आहे. चौथ्याची पहिल्याशी गाठ उपांत्य फेरीआधी पडत नाही, पाचव्याची उपांत्यपूर्व फेरीतच पडू शकते.

आठच मानांकित असतील तर नववा उघड्यावर. ३२ जणांच्या तक्त्यात चोवीस बिगरमानांकितांपैकी आठ जणांना पहिल्याच फेरीत मानांकित भेटतो. सोळा मानांकित असतील, तर उरलेल्या सर्वच सोळांना.

सोडत कितीही सोयीची असली, तरी पुढे गेल्यावर वाट चढाचीच. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अरुणाने जर्मनीच्या टिमो बोलला ४–२ असं हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत समोर आला तो चीनचा बलाढ्य मा लाँग.

२०२४ मध्ये लागोसच्या कंटेंडरमध्येच भारताच्या श्रीजा अकुलाने महिला एकेरी जिंकली, तेव्हा भारतीय वाचकांनी हा तक्ता पाहिला असेल. ते ४०० गुण वर्षभर टिकले. मानांकन मात्र पुढच्या स्पर्धेत नव्याने ठरलं.

बातमीत नुसता ‘क्रमांक ५’ दिसला तर दोन गोष्टी तपासा: कुठल्या स्पर्धेतला, आणि कुठल्या आठवड्याच्या यादीवरून. प्रवेशाची यादी आधी लागते आणि सोडत नंतर निघते. मधे कुणी माघार घेतली की खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात, क्रमवारीत तसूभरही न हलता.