पाच फेऱ्या आत, दोन बाहेर

दिवाळीच्या आदल्या दिवशी भाचा पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन घरी आला आणि जिन्याखाली दाणकन ठेवलं. पोतं उघडलं तर आत काळ्या ऑइलनं माखलेला लोखंडी-अॅल्युमिनियमचा ठोकळा. "मामा, फोर बाय फोर मिळालं!" मावशीनं फराळाचं ताट आणलं होतं, ते तसंच राहिलं.

त्याचं खूळ दोन वर्षांचं आहे. मंगळवेढ्याजवळ त्याची शेती आहे, मालदांडी ज्वारीची, खोल काळ्या मातीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणीच्या आगेमागे परतीचा पाऊस आला की पाणंद रस्त्यावर मोटारसायकलसुद्धा जात नाही. म्हणून जुन्या जीपची चेसिस आणि दोन्ही अॅक्सल घ्यायचे, एका पिकअपचं डिझेल इंजिन आणि चार गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा आणि मध्ये ट्रान्सफर केस टाकून चारही चाकं फिरवायची, असा बेत. मधला तुकडा तेवढा मिळत नव्हता. तो आता पोत्यात आला होता, मारुती जिप्सीचा.

ट्रान्सफर केसचं काम सांगायला सोपं आहे. गिअरबॉक्समधून एक दांडा बाहेर येतो. ही पेटी त्याचे दोन करते, एक मागच्या अॅक्सलकडे, एक पुढच्या. शिवाय आत एक जास्तीची गिअरजोडी असते, ती टाकली की गाडी हळू आणि ताकद जास्त. तोच लो गिअर. काही पेट्यांत हे सगळं दातेरी चाकांनी होतं, काहींत पुढच्या अॅक्सलकडे जाणारी ताकद रुंद साखळीवरून जाते. साखळीची पेटी हलकी आणि शांत चालते. दातेरी जड, घुरघुरणारी, पण चिखलात, ओढकामात वर्षानुवर्षं तग धरते. जिप्सीची दातेरी आहे आणि तिची खरी मौज अशी की ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये छोटा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद पुढे नेणारा फिरता दांडा असतो. त्यामुळे कुठल्याही गिअरबॉक्समागे ती टांगता येते, अडॅप्टर प्लेटची कटकट नाही. भाचा हुरळला तो याच गोष्टीनं.

मी खडू मागवला.

पेटीच्या आत जाणाऱ्या दांड्यावर एक रेघ, बाहेर येणाऱ्यावर एक रेघ. लिव्हर लो मध्ये टाकला आणि भाच्याला म्हटलं, हातानं फिरव, मोजून पाच फेऱ्या. पाचवी संपली तेव्हा बाहेरची रेघ दोन फेऱ्या पुऱ्या करून जागेवर आली होती, अगदी केसभर अलीकडे. म्हणजे अडीचाचं प्रमाण. मग हाय मध्ये, म्हणजे रोजच्या रस्त्याच्या गिअरात टाकलं. आठ फेऱ्या आत, बाहेर पाच आणि थोडंसं. भाच्याला वाटलं मी चुकलो. हाय म्हणजे एकास एक असतं ना?

बहुतेक पेट्यांत असतं. सुझुकीच्या या घराण्यात नसतं. १००० सीसीच्या जुन्या गाडीच्या पेटीत हाय १.५८ आणि लो २.५११, पुढच्या १३०० सीसीच्या पेटीत १.४०९ आणि २.२६८. म्हणजे खडूनं आम्हाला ही पेटी कुठल्या गाडीतली हेही सांगितलं. विकणाऱ्यानं १३०० ची म्हणून विकली होती.

आता आकडे बघा. भाच्याच्या जीपच्या अॅक्सलमध्ये क्राऊनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला ४३ दाते, पिनियनला, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या लहान चाकाला ८, म्हणजे ५.३८ चं प्रमाण. टायरचा घेर २.२ मीटर. पुणे रस्त्यावर ताशी ६० नं निघालं तर चाक मिनिटाला साधारण ४५५ फेऱ्या करतं, प्रोपेलर शाफ्ट २४५० च्या आसपास. टॉप गिअर एकास एक धरला आणि पेटीही एकास एक असती तर इंजिनही तेवढंच फिरलं असतं, डिझेलला सुखाचं. या पेटीनं मात्र २४५० ला १.५८ नं गुणावं लागतं. ३८५० च्या पुढे! मोहोळ येईपर्यंत कान बधिर आणि भाच्याच्या सुपरवायझरच्या नोकरीतला निम्मा पगार डिझेलात.

"पण मामा, लो किती मस्त आहे!" हे खरं होतं. पहिला गिअर चारचा, लो २.५११, अॅक्सल ५.३८: तिन्हींचा गुणाकार ५४. अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं चालू असताना गाडी तासाला दोन किलोमीटरच्या आत सरकेल, बैलाच्या चालीपेक्षाही सावकाश. आणि ताकद? इंजिनानं १२० न्यूटन-मीटर दिले तर चाकांवर ५४ पट, टायरच्या कडेला साडेअठरा हजार न्यूटन जोर.

इथेच मला त्याला थांबवायचं होतं. जोर किती द्यायचा हे गिअर ठरवत नाहीत, माती ठरवते. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण पातळ पापुद्र्यांचे, पाणी पापुद्र्यांमध्ये शिरतं, माती फुगते, आणि उन्हाळ्यात तेच पाणी गेल्यावर हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की ती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. कोरड्या काँक्रीटवर पकडीचा गुणांक ०.७-०.८ असतो, या रेंद्यात ०.३ धरला तरी उदारपणा होईल. गाडी भरून दीड टनाची, म्हणजे वजन सुमारे १४,७०० न्यूटन. चारही चाकं ओढत असली तरी माती जास्तीत जास्त ४,४०० न्यूटन सोसणार. त्यापुढे चाक जागेवर फिरणार. मागची दोनच चाकं ओढत असली आणि त्यांच्यावर निम्मं वजन असलं तर २,२०० वरच खेळ खलास.

आणि लो न टाकताही, पेटी एकास एक धरली तरी, पहिल्या गिअरला या गाडीच्या टायरपाशी साडेसात हजारांच्या जवळ जोर असतो. मातीला सोसवणाऱ्यापेक्षा आधीच जास्त. मंगळवेढ्याच्या चिखलात त्याला जे हवं आहे ते पुढच्या दोन चाकांवरचं वजन कामाला लावणं, म्हणजे २,२०० चे ४,४०० करणं. लो गिअर उपयोगी पडतो तो क्लच न जाळता हळू सरकायला, आणि सह्याद्रीच्या खडकांवर चढायला. सपाट सोलापुरात त्याच्या मागे लागून हाय बिघडवणं म्हणजे पावसाळी सदऱ्यासाठी रोजचा विकणं.

उस्ताद, ज्यांच्या शेडमध्ये चेसिस उभी आहे, त्यांनी दुसरीच अडचण काढली. "पुढचा गोळा उजव्या अंगाला हाय मास्तर, मागचाबी. पेटीचं तोंड डावीकडं आलं तर शाफ्ट चेसिसच्या आडवा जाणार." त्यांचं म्हणणं १९४१ च्या विलिज जीपपासून आलेलं आहे. तिच्यातल्या स्पायसर १८ या पेटीची दोन्ही तोंडं मधोमध न ठेवता उजवीकडे काढली होती, म्हणून दोन्ही अॅक्सलचे डिफरन्शियलही, म्हणजे उस्तादांचे गोळे, उजवीकडे. महिंद्रांनी विलिजच्या जीप मुंबईत जोडायला घेतल्या आणि ही ठेवण आपल्याकडे आली. त्या पेटीच्या मागे, गिअरबॉक्सच्या रेषेत, शेतीची यंत्रं चालवायला दांडा बाहेर काढायची सोयही होती.

तोंड कुठल्या बाजूला आहे हे एवढं का महत्त्वाचं, तर शाफ्टच्या टोकांच्या क्रॉसमुळे, म्हणजे वाकूनही फिरणाऱ्या सांध्यांमुळे. क्रॉस वाकडा करून फिरवला की एका बाजूचा एकसारखा वेग दुसऱ्या बाजूला एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे पडतो. ९ अंशांत हा फरक सव्वा टक्क्याचा, जाणवतही नाही. २५ अंशांत दहा टक्क्यांच्या आसपास जातो. दोन टोकांचे कोन सारखे आणि क्रॉस एका ओळीत असतील तर दुसरा पहिल्याची चूक पुसतो, नाहीतर गाडी थरथरते आणि क्रॉस महिन्याभरात जातो. पेटी जितकी मागे टांगाल, मागचा शाफ्ट तितका आखूड आणि तिरपा. जिप्सीच्या सुट्या पेटीचा सगळा आनंद या एका गोष्टीत गळतो, कारण भाच्याची चेसिस आखूड आहे.

एक इशारा त्याला आधीच दिलाय: चारही चाकं जोडून काँक्रीटवर वळायचं नाही. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला एकमेकांपेक्षा वेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल या पेट्यांत नसतं. मागचा अॅक्सल साडेचार मीटर त्रिज्येनं वळला आणि दोन अॅक्सलमधलं अंतर २.४ मीटर धरलं तर पुढचा ५.१ मीटरनं फिरतो. एका पूर्ण वळणात पुढची चाकं जवळजवळ पावणेचार मीटर जास्त चालतात, चाकाच्या पावणेदोन फेऱ्या, शाफ्टच्या नऊ. चिखलात चाक घसरून हिशोब मिटवतं. काँक्रीटवर घसरायला जागा नाही, तो पीळ शाफ्टमध्ये साठतो, लिव्हर हातानं निघत नाही, कधी दाताच तुटतो. हल्ली गावोगाव सिमेंटचे रस्ते झालेत, तेव्हा डांबर-सिमेंट दिसताच पुढचा अॅक्सल सोडवायचा.

शेवटी उस्तादांनीच एका जुन्या जीपचा तीन गिअरचा गिअरबॉक्स मागच्या पेटीसकट आणला. हाय एकास एक, खडूनं तपासलं. लो २.४६. तोंडं उजवीकडे. पुढच्या शाफ्टचा कोन मोबाइलच्या लेव्हलनं ९ अंश भरला. पहिला गिअर पिकअपइतका खोल नाही, २.८ चा, तरी लो मध्ये तासाला तीन किलोमीटरच्या आत येतो, पुरे. आता इंजिन आणि हा गिअरबॉक्स जोडायची प्लेट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर आहे. रस्त्यावर आणायची तर आरटीओची परवानगीही लागेल, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. तो कागदांचा ढीग भाच्याच्या वाट्याला.

जिप्सीची पेटी अजून जिन्याखाली आहे. मावशी केर काढताना तिला ठेचकाळते आणि दर वेळी मला विचारते, खडूच्या रेघा कधी पुसणार.