व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन प्लॅटफॉर्मांची तुलना

अनेक माणसांच्या आणि अनेक संगणक प्रणालींच्या हातांतून जाणारे काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन प्लॅटफॉर्म म्हणतात. खरेदीची मागणी, कर्जाचा अर्ज, विम्याचा दावा, नव्या कर्मचाऱ्याला रुजू करून घेणे अशी कामे त्यावर चालतात. काम सध्या कोणाकडे आहे, पुढे कोणाकडे जायचे, किती मुदतीत व्हायला हवे आणि न झाल्यास काय करायचे, याची नोंद प्लॅटफॉर्म ठेवतो. ‘फाइल कोणाच्या टेबलावर अडकली?’ हा प्रश्न जिथे रोज विचारला जातो, तिथे या सॉफ्टवेअरची गरज असते. बोलताना लोक त्याला बीपीएम किंवा नुसते वर्कफ्लो म्हणतात.

असे प्लॅटफॉर्म पुष्कळ आहेत आणि त्यांची तुलना बहुधा वैशिष्ट्यांच्या तक्त्याने होते. आकृती काढता येते का, मोबाइलवर चालते का, किती सेवांना जोडता येते वगैरे. अशा तक्त्यात जवळपास सगळ्यांसमोर बरोबरच्या खुणा येतात आणि निवड करणारा होता तिथेच राहतो. प्रक्रियेचा बहुतेक काळ वाट पाहण्यात जातो, ही साधी गोष्ट तक्त्यात कुठेच दिसत नाही. कर्जाच्या अर्जावरची आकडेमोड काही सेकंदांची असते. उरलेले दिवस कागद येण्याची, सही होण्याची, उत्तर मिळण्याची वाट पाहण्यात जातात. अर्ध्या वाटेवरची ही प्रकरणे प्लॅटफॉर्म कुठे ठेवतो, किती काळ ठेवतो आणि मधल्या काळात नियम बदलले तर त्यांचे काय करतो, इथे त्याचा कस लागतो.

पूर्वपीठिका

कार्यालयीन कामाचा प्रवाह संगणकावर मांडण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात सुरू झाले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातली ऑफिसटॉक ही प्रणाली त्यांपैकी एक. क्लॅरेन्स एलिस आणि गॅरी नट यांचे त्यावरचे काम या क्षेत्राच्या आरंभी येते. विषयाला गणिताचा पाया मात्र त्याआधीच मिळाला होता. कार्ल आडाम पेट्री यांनी १९६२ च्या आपल्या प्रबंधातून ज्या मांडणीची सुरुवात केली, ती पुढे पेट्री जाळी या नावाने ओळखली गेली. काम म्हणजे जाळ्यातून सरकणारे टोकन (काम कुठवर आले हे दाखवणारी खूण), ही त्यातली कल्पना आजही बहुतेक इंजिनांच्या, म्हणजे प्रक्रिया प्रत्यक्ष चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटात आहे.

१९९३ मध्ये वर्कफ्लो मॅनेजमेंट कोअलिशन ही संस्था स्थापन झाली आणि वेगवेगळ्या उत्पादकांच्या प्रणालींना समान भाषा देण्याची खटपट सुरू झाली. त्यातला एक फाटा डब्ल्यूएस-बीपीईएल या भाषेकडे गेला. तिची दुसरी आवृत्ती २००७ साली ओएसिस या मानक संस्थेने प्रमाणित केली. यंत्रांमधल्या संवादासाठी ती नेटकी होती, पण ‘हे काम अमुक व्यक्तीने पाहावे’ असे म्हणायला मूळ भाषेत जागाच नव्हती. त्यासाठी वेगळी पुरवणी लागली. जी प्रक्रिया माणसांच्या सह्यांवर चालते तिथे अशी भाषा टिकणे कठीणच होते.

टिकली ती बीपीएमएन ही आकृतिभाषा. तिची पहिली आवृत्ती २००४ सालची. २०११ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानक संस्थेने २.० आवृत्ती काढली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ १९५१० हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक मिळाला. २.० चे महत्त्व असे की आकृतीतल्या प्रत्येक खुणेचा चालताना काय अर्थ घ्यायचा हे तिने लिहून ठेवले आणि आकृती साठवण्याचे एक्सएमएल स्वरूपही ठरवले. त्यामुळे विश्लेषकाने काढलेली आकृतीच इंजिनाला चालवायला देणे शक्य झाले.

तुलनेचा काटेकोर प्रयत्नही याच काळातला. विल व्हान डेर आल्स्ट, आर्थर टेर हॉफस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाच्या प्रवाहात पुन्हापुन्हा दिसणारे २० आकृतिबंध २००३ साली मांडले आणि तत्कालीन प्रणाली त्यांवर घासून पाहिल्या. पुढे ही संख्या ४३ पर्यंत गेली. विक्रेत्याच्या माहितीपत्रकाबाहेरची अशी फूटपट्टी या क्षेत्राला तोवर नव्हती आणि आजही निवड समितीने ती हाताशी ठेवावी.

घराणी

आजच्या प्लॅटफॉर्मांची ढोबळ चार घराणी दिसतात. पहिले घराणे मोठ्या, सर्वसमावेशक संचांचे. पेगासिस्टिम्स १९८३ पासून या धंद्यात आहे, अ‍ॅपियन १९९९ पासून. आयबीएमने २००६ मध्ये फाइलनेट आणि २०१० मध्ये लोम्बार्डी विकत घेऊन आपला संच उभा केला. फॉर्म, नियम, डेटा, अहवाल सगळे एकाच छताखाली मिळते. पेगामध्ये विचाराचा केंद्रबिंदू आकृती नसून ‘केस’ असते. एक दावा, एक तक्रार, एक ग्राहक-प्रकरण टप्प्याटप्प्याने पुढे जाते. ज्या कामाचा क्रम आधी पक्का सांगता येत नाही, अशा कामाला ही मांडणी चांगली मानवते.

दुसरे घराणे मुक्त स्रोतातून, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या कोडमधून, आलेल्या इंजिनांचे, आणि त्याची वंशावळ रंजक आहे. टॉम बायेन्स यांनी जेबीपीएम हे इंजिन सुरू केले. पुढे अल्फ्रेस्को या कंपनीत त्यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये अ‍ॅक्टिव्हिटी आले. त्यातून २०१३ मध्ये बर्लिनच्या कामुंडाने आपली शाखा वेगळी केली आणि २०१६ मध्ये फ्लोएबलची शाखा फुटली. त्यामुळे अ‍ॅक्टिव्हिटी, कामुंडा आणि फ्लोएबल या तिघांपैकी एक ज्याला येते त्याला उरलेले दोन परके वाटत नाहीत. फ्रान्समध्ये वाढलेले बोनिटा याच प्रकारातले, पण वंश वेगळा. ही इंजिने प्रोग्रामरच्या हातात शोभतात. त्यांना आपल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये बसवता येते.

तिसरे घराणे जोडणी साधनांचे आहे. झेपियर २०११ चे, मायक्रोसॉफ्टचे फ्लो २०१६ चे (२०१९ पासून त्याचे नाव पॉवर ऑटोमेट) आणि एन८एन २०१९ चे. ‘हे घडले की ते कर’ एवढे सांगितले की काम होते, आणि छोट्या चमूला अर्ध्या दिवसात फळ दिसते. चौथे घराणे प्रक्रिया थेट कोडमध्ये लिहू देणारे. उबरमधल्या केडन्स प्रकल्पातून पुढे आलेले टेम्पोरल हे त्याचे ठळक उदाहरण. अ‍ॅमेझॉनचे स्टेप फंक्शन्स त्याच्या शेजारचे म्हणता येईल, पण तिथे प्रवाह जेसन या माहिती लिहिण्याच्या मजकूर-स्वरूपात लिहिला जातो.

वाट पाहण्याची क्षमता

एक खरेदी मागणी जवळून पाहू. कर्मचारी मागणी नोंदवतो, व्यवस्थापकाच्या यादीत ती मंजुरीसाठी येते आणि व्यवस्थापक रजेवर असतो. बीपीएमएनमध्ये मंजुरीच्या चौकोनाच्या कडेवर घड्याळाचे दुहेरी वर्तुळ लावतात आणि ४८ तासांची मुदत देतात. वर्तुळाची रेघ सलग असेल तर मुदत संपताच व्यवस्थापकाकडचे काम रद्द होते आणि प्रकरण दुसऱ्या वाटेने, समजा वरिष्ठांकडे, जाते. रेघ तुटक असेल तर काम त्याच्याकडेच राहते आणि सोबत एक आठवण जाते. एवढ्याशा रेघेने कार्यालयातला अधिकार कोणाकडे हे ठरते. प्लॅटफॉर्म पाहताना हे दोन्ही प्रकार करून दाखवायला सांगावे. जोडणी साधनांत सलग रेघेचे काम, म्हणजे चालू मंजुरी काढून घेणे, बहुधा आडवळणाने करावे लागते.

मग प्रश्न येतो कमाल मुदतीचा. पॉवर ऑटोमेटमध्ये क्लाउड फ्लोची एक फेरी ३० दिवसांपेक्षा जास्त चालत नाही आणि मंजुरीची वाट पाहण्याचा काळही त्यात मोजला जातो. स्टेप फंक्शन्समध्ये साधा प्रकार एक वर्ष चालतो, जलद प्रकार फक्त पाच मिनिटे. रजेच्या अर्जाला ३० दिवस पुरतात. दीर्घ लेखापरीक्षणाला किंवा बांधकामाच्या परवान्याला पुरत नाहीत. अशा वेळी प्रकरणाची स्थिती बाहेर एखाद्या तक्त्यात ठेवून फ्लो पुन्हापुन्हा सुरू करावा लागतो, म्हणजे प्लॅटफॉर्मचे मुख्य काम आपणच करायचे. बीपीएमएन इंजिने प्रत्येक थांब्यावर स्थिती कायमस्वरूपी साठवतात, म्हणून प्रकरण महिनोन्‌महिने पडून राहिले तरी चालते.

साठवण कुठे होते हेही पाहावे लागते. कामुंडा ७ स्थिती नेहमीच्या रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवते. २०२२ मध्ये आलेल्या कामुंडा ८ चे झीबी हे इंजिन विभागून ठेवलेल्या घटना-नोंदवहीवर, म्हणजे घडलेली प्रत्येक गोष्ट क्रमाने टिपणाऱ्या नोंदीवर, चालते. प्रचंड संख्येने येणारी कामे ते पेलते, पण अ‍ॅप्लिकेशनच्या आत बसवता येत नाही. चालवायला स्वतंत्र यंत्रणा लागते. कामुंडा ७ च्या मोफत आवृत्तीचे नवे प्रकाशन ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत एवढे अंतर आहे. नुसते नाव वाचून तुलना करणाऱ्याची इथे फसगत होते.

चालत्या गाडीचे चाक बदलणे

मंजुरीच्या साखळीत सोमवारपासून वित्त विभागाची एक पायरी वाढली. शुक्रवारपर्यंत सुरू झालेली दोनशे प्रकरणे अजून वाटेत आहेत. त्यांनी जुन्या वाटेने जायचे की नव्या? याचे उत्तर व्यवसायाने द्यायचे असते. प्लॅटफॉर्मने ते अमलात आणू द्यावे एवढीच अपेक्षा. तरीही प्रत्यक्षात प्लॅटफॉर्मच ते ठरवून टाकतो.

कामुंडा आणि तिच्या भावंडांमध्ये सुरू झालेले प्रकरण आपल्या मूळ आवृत्तीवरच राहते. नव्यावर न्यायचे असेल तर कुठली पायरी कुठे जुळते हे सांगून ते स्थलांतरित करावे लागते. पेगामध्ये नियम चालतानाच शोधले जातात, त्यामुळे नवा नियम साधारणपणे वाटेवरच्या प्रकरणांनाही लागतो. कायद्यातला बदल ताबडतोब सगळ्यांना लावायचा असेल तर हे सोयीचे ठरते, पण प्रकरण ज्या पायरीवर उभे आहे तीच काढून टाकली असेल तर ते अधांतरी राहते. टेम्पोरलमध्ये कोड जुन्या घटना पुन्हा वाचून स्थिती उभी करतो, म्हणून कोडमधला बदल जुन्या नोंदींशी विसंगत असून चालत नाही. प्रोग्रामरला जुनी आणि नवी अशा दोन्ही वाटा काही काळ कोडमध्ये ठेवाव्या लागतात. तीनही पद्धती विचारपूर्वक घडवलेल्या आहेत. आपल्या कामाला कोणती मानवते हे निवडीआधी कळले नाही, तर पहिल्या मोठ्या बदलाच्या दिवशी कळते, आणि तोवर दोनशे लोकांचे अर्ज अडकलेले असतात.

अडलेली प्रकरणे

आकृतीतली चूक आणि बाहेरच्या सेवेचा बिघाड, या दोन कारणांनी प्रकरण अडते. पहिल्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे चुकीची जोडी. फुलीच्या चौकटीने वाट फोडली, म्हणजे दोनपैकी एकाच वाटेने टोकन जाते. पण जोडताना अधिकची खूण वापरली, म्हणजे दोन्हीकडून टोकन येण्याची वाट पाहायची. दुसरे टोकन कधीच येणार नाही आणि प्रकरण तिथे कायमचे थांबते. कुठलीही त्रुटी उमटत नाही, कोणाला निरोप जात नाही. अशी आकृती वेळीच पकडणारा प्लॅटफॉर्म भरवशाचा.

दुसऱ्या प्रकारात पैसे भरण्याची सेवा काही क्षण बंद पडते. कामुंडामध्ये असे काम ठरावीक वेळा, न सांगितल्यास तीनदा, करून पाहिले जाते आणि तरी जमले नाही तर ‘इन्सिडंट’ म्हणून माणसासमोर येते. तो कारण पाहतो, दुरुस्ती करतो आणि तिथूनच पुढे चालू करतो. यात एक धोका आहे. सेवेने पैसे भरले पण उत्तर वाटेत हरवले, तर पुन्हा केलेला प्रयत्न पैसे दोनदा भरतो. म्हणून प्रत्येक विनंतीला कायमचा क्रमांक देऊन तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास सेवेने काम न करता जुनेच उत्तर द्यावे, अशी व्यवस्था करावी लागते. ती कुठलाही प्लॅटफॉर्म विकत देत नाही.

फॉर्म, अहवाल आणि दिसणे यांबाबत मोठे संच पुढे आहेत, इंजिने मागे. यावर फार बोलण्यासारखे नाही. खर्चाची मोजणी मात्र नीट पाहावी. मोठे संच बहुधा वापरकर्त्यांमागे किंवा प्रकरणांमागे आकारणी करतात. झेपियर यशस्वी झालेली प्रत्येक कृती मोजते, एन८एन आपल्या क्लाउड सेवेत पूर्ण फेरी एक धरते. दहा पायऱ्यांच्या प्रवाहात या एका फरकाने बिलाचे रूप बदलते.

सोडून जाताना

प्लॅटफॉर्म बदलण्याची वेळ आली की मानकाचा खरा उपयोग आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. बीपीएमएनची फाइल एका इंजिनातून दुसऱ्यात उघडते, चौकोन आणि बाण जागच्या जागी दिसतात. पण काम कोणाला द्यायचे याचे सूत्र, फॉर्म, सेवांच्या जोडण्या आणि छोट्या स्क्रिप्ट हे सगळे उत्पादकाच्या स्वतःच्या विस्तारात लिहिलेले असते आणि ते मागेच राहते. निर्णयाचे नियम डीएमएन या २०१५ सालच्या मानकात वेगळे ठेवले असतील तर त्यांचा बराच भाग वाचतो. वाटेवरची प्रकरणे सहसा नेता येत नाहीत. नवी मागणी नव्या प्लॅटफॉर्मवर नोंदवायची आणि जुना प्लॅटफॉर्म शेवटचे प्रकरण मिटेपर्यंत चालू ठेवायचा, हाच रुळलेला मार्ग आहे. ज्या कामात एक प्रकरण दोन वर्षे चालते, तिथे दोन्ही प्लॅटफॉर्मांचा खर्च दोन वर्षे चालतो.