अपसामान्य वर्तन

विचार, भावना किंवा वागणे नेहमीच्या चाकोरीतून इतके सुटते की व्यक्तीला त्रास होतो किंवा तिचे रोजचे जगणे अडते, अशा स्थितीला मानसशास्त्रात अपसामान्य वर्तन म्हणतात. ही व्याख्या कामचलाऊच आहे. बहुतेक मनोविकारांसाठी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही; लक्षणे, ती किती दिवस टिकली आणि त्यांमुळे काय बिघडले हे पाहून निदान ठरते.

सर्वांत सोपा निकष आकडेवारीचा. बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरली तर ७० च्या खाली सुमारे २ टक्के लोक येतात, आणि बौद्धिक अक्षमतेच्या निदानात या आकड्याचा आधार घेतला जातो. पण १३० च्या वरचेही तितकेच विरळ असतात. त्यांना कोणी डॉक्टरकडे नेत नाही. नैराश्य तर विरळ नसूनही विकारच आहे.

समाजमान्यतेचा निकष जुना, आणि सर्वांत घातकही. अमेरिकेत १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना ‘ड्रॅपेटोमेनिया’ नावाचा रोग असल्याचे मांडले. सोव्हिएत संघात राजवटीच्या विरोधकांना ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’चे निदान चिकटवून इस्पितळात डांबले जाई. समलैंगिकता अमेरिकन मनोविकार संघटनेच्या यादीतून १९७३ मध्ये वगळली गेली. जागतिक आरोग्य संघटनेला त्यासाठी १९९० उजाडावे लागले.

तरीही समाजाचा संदर्भ सोडून चालत नाही. जत्रेत हलगीच्या ठेक्यावर एखादीच्या अंगात येते, केस मोकळे सुटतात, ती घुमू लागते, लोक हळदकुंकू लावून तिला प्रश्न विचारतात. वारे उतरले की ती घरी जाऊन भाकऱ्या थापते. परंपरेने मान्य असलेल्या अशा अवस्थेला आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ हे वर्गीकरण विकार मानत नाही. तीच अवस्था इच्छेविरुद्ध, वेळीअवेळी येऊ लागली आणि घरकाम, मजुरी, नाती विस्कटू लागली, तर मात्र निदानाचा विचार होतो.

त्रास हा निकष माणुसकीचा वाटतो, पण अपुरा आहे. उन्मादाच्या झटक्यात माणूस रात्र रात्र जागतो, कर्ज काढून खरेदी करतो आणि आपण कधी नव्हे इतके ठणठणीत आहोत असे सांगतो. त्रास घरच्यांना होतो. म्हणून जेरोम वेकफील्ड या अमेरिकन अभ्यासकांनी १९९२ मध्ये दोन अटी एकत्र मांडल्या : मनाची एखादी नैसर्गिक यंत्रणा बिघडलेली असावी आणि त्या बिघाडाने नुकसानही व्हावे. नुकसान ओळखता येते. यंत्रणा मुळात कशासाठी घडली हे ठरवणे मात्र अवघड, आणि टीकाकारांचा रोख तिथेच आहे.

सीमारेषा किती हलती आहे, हे शोकाच्या बाबतीत स्पष्ट दिसते. जवळचे माणूस गेल्यावर रडणे, जेवण न जाणे याला कोणी आजार म्हणत नाही. पण तीव्र शोक लांबला आणि जगणे ठप्प झाले, तर दीर्घ शोकविकाराचे निदान करता येते. त्यासाठी आयसीडी-११ किमान ६ महिने मागते, तर अमेरिकन मनोविकार संघटनेची २०२२ ची सुधारित निदान-नियमावली प्रौढांसाठी १२ महिने. म्हणजे आठव्या महिन्यातली एखादी विधवा एका पुस्तकाप्रमाणे आजारी ठरू शकते, दुसऱ्याप्रमाणे नाही.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार विचार, मनःस्थिती, संवेदन, भान किंवा स्मृती यांतील असा मोठा बिघाड, की ज्याने निर्णयशक्ती, वर्तन, वास्तवाची जाण किंवा रोजच्या गरजा भागवण्याची क्षमता गंभीरपणे खालावते, तो मानसिक आजार. मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था त्यात येतात. बौद्धिक अक्षमता येत नाही. समाजाची नैतिक, धार्मिक वा राजकीय मूल्ये न पाळणे हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे कलम ३ बजावते. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही आज कुणाला आजारी ठरवता येत नाही.