रक्तगट आणि तोंडातली बुरशी: तपासणीला येण्याआधी वाचा

"तोंड सारखं येतं, जिभेवर पांढरं बसतं. रक्तगट तपासून द्या." आमच्या लॅबमध्ये गावाकडची मंडळी हल्ली असं सांगत येतात. ओ गटवाल्यांच्या तोंडात बुरशी जास्त होते, असा मेसेज कुणीतरी मोबाईलवर पाठवलेला असतो. त्यात थोडं तथ्य आहे, पण तेवढ्यासाठी तुम्ही रक्तगट तपासणीचे पैसे भरू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ही बुरशी म्हणजे कॅन्डिडा, यीस्टचाच एक प्रकार. धडधाकट माणसाच्या तोंडातही ती बरेचदा असते आणि एरवी काही त्रास देत नाही. गालाच्या आतल्या पेशींना ती चिकटून राहते. आता रक्तगट ज्या साखरेच्या साखळ्यांवरून ठरतो (ही मधुमेहाची शुगर नव्हे), त्या तोंडाच्या अस्तरावरही असतात आणि साधारण ८० टक्के लोकांच्या लाळेतही उतरतात. ओ गटात यातली 'एच' नावाची साखळी उघडी राहते, बुरशीला तिथे पकड मिळत असावी, असा तर्क आहे. काही अभ्यासांत ओ गटाच्या, तसंच लाळेत साखळ्या न उतरणाऱ्या लोकांच्या तोंडात बुरशी जास्त आढळली. इतर काही अभ्यासांत रक्तगटाने फरकच पडला नाही. आणि लाळेची ही बाब नेहमीच्या रक्तगट तपासणीत कळतही नाही.

रक्तगट जन्माचा, तो बदलता येत नाही. पण मधुमेहात शुगर वाढली की ही बुरशीही वाढते, म्हणून आधी शुगर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ६.५ टक्के किंवा त्यावर आली, तर रिपोर्ट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेत असाल तर प्रत्येक वेळी चूळ भरून थुंका. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनंतरही बुरशी वाढते.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. बुरशीचा पांढरा थर बहुधा पुसला की निघतो. जो डाग पुसून निघत नाही, त्याला बुरशी समजून घरी बसू नका. तिखट झोंबत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तीन बोटं उभी आत जात नसतील, तर ते सुपारीने गालाचं अस्तर कडक झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यातून पुढे कॅन्सरचा धोका असतो. पांढरा किंवा लाल डाग दोन आठवड्यांत गेला नाही तर दंतवैद्यांना दाखवा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. डाग कशाचा आहे, हे रक्ताच्या कोणत्याही रिपोर्टवर कळत नाही.

बुरशीची तपासणी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर तोंडात मलम किंवा थेंब टाकून येऊ नका. औषधानंतर नमुन्यात बुरशी सापडेलच असं नाही. शुगरसाठी सकाळी उपाशीपोटी या, पाणी प्यायलं तर चालतं. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा.