उघडा पत्रा वाट बघत नाही

बाबांची जुनी पद्मिनी गाडी घरीच हळूहळू नीट करायची असं ठरवलं आणि पहिल्याच रविवारी ग्राइंडरला वायर ब्रश लावून मी एक दरवाजा लख्ख केला, वर चादर टाकली, झालं. पुढच्या रविवारी चादर काढली तर हँडलखाली केशरी रंगात चार बोटं उमटलेली, कातडीच्या रेषा मोजता येतील इतकी स्पष्ट. बोटं माझीच होती.

घामात मीठ असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पत्र्यावर पाण्याचा अगदी पातळ, डोळ्याला न दिसणारा थर बसला की तिथे बारीकशी बॅटरी सुरू होते, एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, शेजारी ऑक्सिजन ते घेतो, आणि खारट पाण्यातून वीज सहज वाहते म्हणून हे काम आणखी जोरात चालतं. वर गंज सच्छिद्र असतो, तो ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात राहतो. म्हणून आता हातमोज्यांशिवाय मी उघड्या पत्र्याला हातच लावत नाही.

बरं, पाऊस अंगावर पडायलाच पाहिजे असंही नाही. आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजायचा वेग एकदम वाढतो आणि आपल्याकडे मुंबई-कोकणात पावसाळाभर ती त्याच्या किती वर असते ते कपाटातल्या बुरशीला विचारा. त्यात दव. हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर पत्रा 25 अंशांपर्यंत गार झाला तरी त्यावर पाणी जमायला लागतं, आणि पहाटे तेवढा गार तो होतोच. अशा वेळी प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळणं सगळ्यात वाईट, आतली वाफ आतच राहते.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक होते ती प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरात. साधा राखाडी प्रायमर मारून गाडी सहा महिने ठेवतात, पण तो सच्छिद्र असतो, ओल आत जाते आणि गंज खालून वर येतो. टू-के, म्हणजे प्रायमर आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून मारायचा, इपॉक्सी प्रायमर घ्या. हार्डनर मिसळला की त्याचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंततात, त्यातून पाणी-ऑक्सिजन फार सावकाश जातं. ऊन मात्र त्याला सोसत नाही, गाडी सावलीतच हवी.

तेल किंवा ग्रीस लावून ठेवणं थोड्या दिवसांसाठी चालतं, पण रंगाआधी ते थिनरने पूर्ण निघालं पाहिजे, सांध्यात थेंबभर राहिलं तरी रंग तिथे धरत नाही.

खड्ड्यातला गंज ब्रशने निघत नाही, तिथे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचाच टिकाऊ थर करणारं द्रावण, लागतं. काहींत टॅनिक आम्ल असतं, ते गंजाशी मिळून काळा-निळा थर तयार करतं, हिरडा आणि हिराकशीची जुनी शाई काळी व्हायची ती याच जातीच्या रसायनाने. काहींत फॉस्फोरिक आम्ल, ते लोखंडाचा फॉस्फेट बनवतं. दिल्लीचा लोहस्तंभ 1600 वर्षं उभा आहे त्यातही लोखंडातल्या फॉस्फरसमुळे बनलेल्या फॉस्फेटच्या थराचा मोठा वाटा आहे, हे वाचल्यापासून ती बाटली मला वेगळीच वाटते. फक्त डब्यावरच्या सूचना आधी वाचा, कित्येक इपॉक्सी आम्ल लावलेल्या पत्र्यावर नीट धरत नाहीत.

आता एका रविवारी एकच पॅनल. सकाळी घासायचं, थिनरने पुसायचं, ऊन उतरायच्या आत इपॉक्सी मारायचं. डाव्या मडगार्डवरचा जुना रंग फुटलाय, वाईट दिसतो, तरी त्याची पाळी येईपर्यंत मी तो काढणार नाही, खालचा पत्रा तोच झाकून आहे.