अपडेट आल्यानंतरचे दिवस जास्त धोक्याचे

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजच्या एसएमबी या फाइल शेअरिंगच्या यंत्रणेतली एक गंभीर त्रुटी बुजवणारा पॅच दिला. बरोबर महिन्याभराने, १४ एप्रिलला, त्याच त्रुटीतून आत शिरणारे ‘इटर्नलब्लू’ हे तयार हत्यार इंटरनेटवर उघड झाले. १२ मे रोजी त्याच्या जोरावर वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला. सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या आणि स्क्रीनवर खंडणीची मागणी झळकली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होते आणि त्यासाठीचा पॅच येऊन तोवर ५९ दिवस झाले होते.

पॅच आल्यावर धोका कमी होतो, असे आपण धरून चालतो. ज्याने तो बसवला त्याच्यापुरते ते खरे आहे. बाकीच्यांचा धोका मात्र त्या दिवसापासून वाढतो. पॅच म्हणजे जुन्या फाइलच्या जागी येणारी दुरुस्त फाइल. हल्लेखोर दोन्ही फाइल्सची तुलना करतात. नव्या फाइलमध्ये एखाद्या ठिकाणी आलेल्या माहितीची लांबी तपासणारी सूचना वाढलेली दिसली, की जुन्या फाइलमध्ये तिथे तपासणी होत नव्हती हे कळते. त्रुटी कुठे आहे, हे दुरुस्तीनेच सांगितलेले असते. उरते ते तिचा वापर करणारा प्रोग्राम लिहिणे, आणि त्याला कधी आठवडे लागतात, तर कधी काही दिवस पुरतात. विंडोजचे नियमित सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. म्हणून त्या आठवड्यात ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबत राहणे सर्वांत महागात पडू शकते. दोन-तीन दिवसांत अपडेट बसलेले असावे.

बसलेले म्हणजे नुसते डाउनलोड झालेले नव्हे. चालू असलेल्या प्रोग्रामने धरून ठेवलेली फाइल विंडोज सहसा बदलू देत नाही. नवी फाइल बाजूला ठेवली जाते आणि अदलाबदल रीस्टार्टच्या वेळी होते. इथे एक सवय घात करते. ‘मी रोज रात्री शट डाउन करतो, मग वेगळे रीस्टार्ट कशाला?’ असे अनेकांना वाटते. पण विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर साध्या शट डाउनमध्ये कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तिथूनच उचलली जाते. म्हणजे कर्नल नव्याने सुरू होतच नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडून ‘अप टाइम’ पाहा. रोज बंद होणाऱ्या संगणकावरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. पॉवरच्या मेनूत ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दिसत असेल तर तोच पर्याय निवडा. लिनक्स या विंडोजला पर्याय असलेल्या सिस्टिममध्ये फाइल लगेच बदलते, पण आधीपासून चालू असलेला प्रोग्राम स्मृतीतली जुनीच प्रत वापरत राहतो. तिथेही तो प्रोग्राम, आणि कर्नल बदलले असेल तर अख्खा संगणक, पुन्हा सुरू करावा लागतो.

अपडेटची भीती निराधार नाही, हेही मान्य करायला हवे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या नव्या आवृत्तीने काही जणांच्या फाइल्स पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण थांबवावे लागले. पण ते नवी वैशिष्ट्ये आणणारे मोठे अपडेट होते, मासिक सुरक्षा अपडेट नव्हते. हा फरक ओळखून वागावे. मोठी आवृत्ती महिनाभर थांबून घेतली तरी चालते, सुरक्षा अपडेट थांबवू नये. त्यातूनही काही बिघडलेच, तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग अपडेट हिस्टरी, तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ मधून ते एक अपडेट काढता येते. विंडोज १० पासून ही अपडेट्स संचयी असतात. मध्ये दोन महिने चुकले तरी नवे एकच अपडेट मागचे सारे आणते.

रीस्टार्टपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. महत्त्वाच्या फाइल्सची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. लॅपटॉपला चार्जर लावावा. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की संगणकाबाहेर कुठेतरी लिहून ठेवावी, कारण काही अपडेट्सनंतर संगणक सुरू होतानाच ती मागतो. टक्केवारी एका आकड्यावर अडकली म्हणून पॉवरचे बटण दाबून धरू नका. जुन्या हार्ड डिस्कवर एकाच आकड्यावर बराच वेळ जाऊ शकतो, आणि अर्धवट बदललेल्या फाइल्समुळे विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते.

खरे सिस्टिम अपडेट सेटिंग्जमध्ये दिसते. एखाद्या वेबपानाने ‘तुमची सिस्टिम जुनी झाली आहे’ म्हणत फाइल उतरवायला किंवा एखादी आज्ञा रन खिडकीत चिकटवायला सांगितले, तर ते पान बंद करावे. रोजच्या कामासाठी अॅडमिन अधिकार नसलेले खाते वापरले, तर चुकून असे काही चालवले तरी नुकसान बरेच आटोक्यात राहते.

सपोर्ट संपलेल्या, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद झालेल्या, सिस्टिमची अवस्था सर्वांत वाईट. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज १० आणि ११ मधला बराच कोड सामायिक आहे. त्यामुळे विंडोज ११ चा पॅच हल्लेखोरांना विंडोज १० मधलीही त्रुटी दाखवू शकतो आणि सपोर्ट संपल्यावरही सुरक्षा अपडेट्स देणाऱ्या वाढीव सुरक्षा योजनेत नोंद नसलेल्या संगणकावर ती कधीच बुजत नाही. अशा संगणकावर विंडोज ११ चालत नसेल, तर अजून अपडेट्स मिळणारे लिनक्स टाकावे. एखाद्या जुन्या यंत्रासाठी किंवा सॉफ्टवेअरसाठी विंडोज १० ठेवणे भागच असेल, तर नेटवर्कची केबल काढावी, वायफाय बंद करावे आणि त्यावर बँकेचे किंवा ईमेलचे काम करू नये.