रिटेनर : तारा काढल्यानंतरची दातांची राखण

वेडेवाकडे दात तारा लावून सरळ केल्यावर ते नव्या जागी टिकावेत म्हणून वापरायचे साधन म्हणजे रिटेनर. बोलण्यात त्याला ‘क्लिप’ किंवा ‘प्लेट’ही म्हणतात. तारांचा उपचार साधारण दीड-दोन वर्षे चालतो. रिटेनर त्यानंतर कित्येक वर्षे लागतो. तारा निघाल्या की उपचार संपला, हा समज घरोघरी आहे आणि सरळ केलेले दात पुन्हा वाकडे होण्यामागे बहुतेक वेळा तोच असतो.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवतीच्या बारीक तंतूंनी तो हाडाला बांधलेला असतो. तारेच्या दाबाने एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूला नवे भरते. तारा काढतात तेव्हा हे नवे हाड अजून कोवळे असते. मुळाभोवतीच्या तंतूंना नवी जागा अंगवळणी पडायला ३ ते ४ महिने लागतात, हिरडीतल्या कोलॅजनच्या तंतूंना ४ ते ६ महिने, आणि दाताच्या मानेभोवतीच्या लवचीक तंतूंना वर्षभर किंवा त्याहून अधिक. तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. गोल फिरलेला दात सरळ केला असेल किंवा पुढच्या दोन दातांतली फट मिटवली असेल, तर हा धोका सर्वात मोठा. काही रुग्णांत त्या दाताभोवतीचे तंतू छोटी शस्त्रक्रिया करून मोकळे करतात. शिवाय, ज्यांनी कधीच तारा लावल्या नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीवाटीने बसू लागतात. त्याचा दोष अक्कलदाढेला देण्याची रीत आहे, पण अभ्यासांतून त्याला पुरेसा आधार मिळालेला नाही. म्हणूनच आज अनेक दंततज्ज्ञ ‘दात सरळ हवेत तोवर रात्रीचा रिटेनर’ असे सांगतात.

रिटेनर मुख्यतः तीन प्रकारचे. चार्ल्स हॉली यांनी १९१९ मध्ये मांडलेला हॉली रिटेनर म्हणजे टाळूला बसणारी अ‍ॅक्रिलिकची प्लेट आणि पुढच्या दातांवरून जाणारी स्टीलची तार. तो दणकट असतो, तार थोडी घट्ट-सैल करता येते, मात्र ती दिसते आणि सुरुवातीला बोलताना जीभ अडखळते. पारदर्शक रिटेनर दातांच्या साच्यावर पातळ प्लास्टिक तापवून, हवा ओढून घडवतात. जॉन शेरिडन यांनी १९९३ मध्ये पुढे आणलेला एसिक्स हा यातला प्रसिद्ध. तो दिसत नाही, म्हणून मुलामुलींना आवडतो, पण लवकर झिजतो व तडकतो. तिसरा पक्का रिटेनर : पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने, बहुधा एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, चिकटवलेली बारीक तार.

काढता येणारा रिटेनर पहिले काही महिने जेवण आणि दात घासणे सोडून दिवसरात्र घालायचा असतो. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने फक्त रात्री. मराठवाड्यात नेमका याच काळात घोळ होतो. तारा बहुधा शाळेच्या वयात लागतात आणि दहावीच्या आसपास निघतात. मग मूल अकरावी-बारावीसाठी लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वसतिगृहात जाते. मेसमध्ये जेवायला बसताना रिटेनर काढून कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला जातो आणि खरकट्याबरोबर कचऱ्यात जातो. रिटेनर तोंडात नसेल तेव्हा तो डबीतच हवा, हा एक नियम पाळला तरी बहुतेक रिटेनर वाचतात. आईवडिलांनी बॅग भरताना डब्या दोन द्याव्यात : एक खोलीत, एक दप्तरात.

काढताना दोन्ही बाजूंनी दाढांपाशी बोटे लावून सारखा काढावा. पुढची तार धरून ओढणे किंवा जिभेने सतत खालीवर करणे यानेच हॉलीच्या तारा वाकतात. बसवतानाही बोटांनी दाबावा, चावून बसवू नये. काही दिवस खंड पडल्यावर रिटेनर घट्ट वाटला तर दात हलू लागले आहेत, असे समजावे. पूर्ण बसत असेल तर पुन्हा नेमाने घालावा; बसतच नसेल तर जोर न करता डॉक्टरांना दाखवावे.

रोज साध्या पाण्याने, मऊ ब्रशवर सौम्य साबण घेऊन तो घासावा. टूथपेस्टने पारदर्शक प्लास्टिकवर चरे पडतात आणि त्यांत जंतू साठतात. गरम पाणी तर वर्ज्यच. उकळत्या पाण्यात रिटेनरचा आकार बिघडतो आणि मग तो परत बसत नाही. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत तो ठेवू नये. बोअरचे पाणी अनेक गावांत जड असते. गिझरच्या कॉइलवर जमते तशी पांढरी खपली रिटेनरवरही धरते. त्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन १५-२० मिनिटे भिजवावा, मग घासून भरपूर धुवावा. टँकरच्या दिवसांत धुण्याचा आळस होतो, पण याला पेलाभर पाणी पुरते. ते मात्र पिण्याचे असावे. रिटेनर तोंडात असताना पाण्याखेरीज काही पिऊ नये : गोड चहा आत अडकून दात किडतात, आणि गरम चहाने प्लास्टिकही वाकते.

पक्का रिटेनर विसरता येत नाही, पण त्याची निगा अवघड. खालच्या पुढच्या दातांमागे लाळग्रंथींची तोंडे उघडतात, त्यामुळे तिथे किटण लवकर साचते. तारेखालून दोरा किंवा बारीक ब्रश फिरवावाच लागतो. ऊस दातांनी सोलणे, मक्याचे कणीस पुढच्या दातांनी कुरतडणे टाळावे. हुरडा, भाकरी, ठेचा यांना हरकत नाही, फक्त नंतर दाण्यांचे तुकडे तारेत राहू देऊ नयेत. एखाद्या दातावरचा चिकटवलेला ठिपका सुटला तरी तार जागच्या जागी दिसते आणि तेवढाच दात हळूहळू सरकतो. जिभेला काही टोचले किंवा तार हलली तर लगेच दाखवावे.

तालुक्याच्या गावी तारांचे तज्ज्ञ अनेकदा ठरावीक दिवशीच येतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. लातूर व नांदेडलाही दंत महाविद्यालये आहेत. रिटेनर हरवला किंवा तुटला तर तज्ज्ञांच्या पुढच्या फेरीची वाट पाहत बसू नये; जवळच्या दंतवैद्याकडून दातांचे माप घेऊन नवा करून घेता येतो. तारा काढताना घेतलेला दातांचा साचा किंवा स्कॅन मागून घरी जपून ठेवावा. दात हललेले नसतील तर त्यावरूनही नवा रिटेनर बनतो.